पहिल्या दिवशीचा आकडा

दुखणे ज्याचे, त्याचा शब्द कोणत्या दिवसापासून पुरावा मानायचा? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला देता आलेले नाही.

कोटांची काजे हाताने करणारी एक बाई शिंप्यांच्या गल्लीत काजबाई म्हणूनच ओळखली जाई. आमवाताने तिची बोटे सुजली, वाकडी होऊ लागली. सकाळी सुई धरणे तर सोडाच, नळही फिरवता येईना. इस्पितळात नव्या औषधाची चाचणी चालू असल्याचे कळताच ती नणंदेला घेऊन तिथे गेली.

“कण्हत बसू नकोस हं, वहिनी,” नणंदेने दारातच बजावले. “रडतराऊत दिसलीस तर ‘ही काय टिकणार’ म्हणून परत पाठवतील.”

सांध्यांची सूज आणि रक्ताची तपासणी यांवरूनच निवड होणार होती. पण ते या दोघींना कोण सांगणार?

परिचारिकेने विचारले, “मावशी, शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. किती दुखतंय?”

“दोन,” काजबाई हसून म्हणाली. टेबलाखाली तिचा अंगठा ठणकत होता.

औषध लागू पडले. बोटे उघडली. “मेल्या सुईला माझी ओळख पटली एकदाची!” असे तिने शिंप्याला सांगितले, आणि त्याने कोटांचा ढीगच तिच्या पुढ्यात टाकला.

वर्षाने चाचणी संपली. ज्यांचा आकडा निदान तीनने उतरला, त्यांनाच औषध पुढे मिळणार होते.

“शून्य!” काजबाईने ऐटीत सांगितले. परिचारिकेचा चेहरा पडला. कारण कळताच काजबाई डॉक्टरपुढे जाऊन उभी राहिली.

“अहो डॉक्टर, तेव्हा नऊ होतं. खोटं बोलले मी. ही बोटं बघा ना!”

“बघतोय, मावशी. पण तुमचा आकडा आज बदलला, तर उद्या कोणीही येऊन म्हणेल, माझंही नऊच होतं.”

त्याच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. तेच तिला गिळवेना.

“मी आपलं तुझ्या भल्यासाठी सांगितलं,” घरी नणंद पुटपुटली.

“भलंच झालं, वन्सं. तुमच्या तोंडाला औषध नाही, आणि माझ्या हाताला होतं तेही गेलं.”

पुढच्या थंडीत बोटे पुन्हा मिटली. शिंप्याने काजांचे यंत्र आणले. तो तरी किती थांबणार?

२०१७ साली त्या औषधाला मान्यता मिळाली. प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत काजबाईची गणना औषध लागू न पडलेल्यांमध्ये आहे.