गाडीवरचा डबा

आमच्या जबलपूरच्या मराठी घरांना एक जुनी खोड आहे. नागपूर-पुण्याकडचं कुणी काशी-प्रयागला निघालं आणि त्यांची गाडी आपल्या गावावरून जाणार असं कळलं, की जेवणाचा डबा घेऊन स्टेशनवर हजर व्हायचं. नातं किती लांबचं ते विचारायचं नाही. आत्याच्या जावेच्या माहेरची माणसं असली तरी चालतात. बोगीचा नंबर फोनवर घ्यायचा, गाडी आमच्या मदन महल स्टेशनात दोन मिनिटं थांबली की दारातून पोळी-भाजी आत सरकवायची, वयाने मोठं कुणी असेल तर घाईघाईत वाकून नमस्कार, आणि गाडी हलली की घरी. पुन्हा त्या लोकांची गाठ पडेलच असं नाही. बाबांनी हे आयुष्यभर केलं. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी असल्यामुळे कुठली गाडी किती लेट आहे ते त्यांना घरबसल्या कळायचं, आणि डबा आई करायची. आई गेल्यावर डबा माझ्याकडे आला. माझ्या पोळ्यांच्या कडा वातड होतात, पण प्रवासातला माणूस भुकेला असतो, तो बोलत नाही.

मी सॉफ्टवेअरवाली. घरी बसून बंगलोरच्या एका कंपनीचं काम करते. वर्तमानपत्रं, बातम्यांच्या वेबसाइटी आणि पुस्तकांचे प्रकाशक आमचे गिऱ्हाईक. वाचक कुठल्या ओळीवर थांबला, कुठे कंटाळून पळाला, हे त्यांना पडद्यावर रंगीत करून दाखवायचं, हा आमचा धंदा. एका प्रकाशकाने त्यातले रंग बघून एका बिचाऱ्या लेखकाला सांगितलं की तुमच्या कादंबरीतली म्हातारी शेवटी मरते ती पहिल्याच प्रकरणात मारा. लेखकाने मारली. मीटिंगमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कॅमेरा बंद करून भाजी निवडत बसले. ऑफिसातले लोक मला बाबा आदमच्या जमान्यातली म्हणतात, म्हणोत बापडे. हलवाई स्वतःच्या दुकानातली मिठाई खात नाही, तशी मी माझ्या फोनमध्ये बातमीचं एकही ॲप ठेवत नाही. कढईत काय पडतं ते मला माहीत आहे.

बाबांच्या फोनमध्ये मात्र सगळं होतं.

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाबांचं विसरणं आता नुसतं वयाचं राहिलं नाही. नवीन गोष्टी फार टिकणार नाहीत, म्हणाले, जुन्या जितक्या टिकवता येतील तितक्या टिकवा, रोज त्यांच्याशी जुनं बोलत राहा. तेव्हापासून बाबांच्या डोक्यात काय जातं यावर पहारा ठेवणं ही माझी ड्युटी झाली. सकाळी चहाबरोबर मी आईचा विषय काढायची. माझी शाळा, माझी पहिली सायकल, छावणीत सदरच्या रस्त्यावर मी त्या सायकलवरून पडले आणि एका फौजी काकांनी मला उचलून घरी आणलं ते. बाबा दुरुस्त्या करायचे. काका नव्हते ते, त्यांची बायको होती, असं म्हणायचे. बाबांनी माझी चूक काढली की माझा दिवस चांगला जायचा.

आणि घरात मराठीच. हा बाबांचा कायदा. बाहेर दिवसभर भैया, दीदी, अच्छा, चलो सगळं चालतं, पण उंबरठ्याच्या आत हिंदीत एक वाक्य निघालं तरी ते म्हणायचे, कोण आलं आहे काय घरात? शाळेतून आल्यावर मी हिंदीत पाणी मागितलं तर पाणी मिळायचं नाही. हिंदी परक्यांशी बोलायची, आपल्या माणसांशी नाही. इतकं सरळ गणित होतं त्यांचं.

तर एक दिवस काशीला निघालेलं एक जोडपं आमच्या गावावरून जाणार होतं आणि गाडी लेट होती. माझी मीटिंग संपेना म्हणून बाबा नेहमीच्या ऑटोने एकटेच स्टेशनवर गेले आणि बाकावर डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डोळ्यातून पाणी यायचं, ते रुमालाने टिपत होते. एक माणूस मोबाइल घेऊन आला आणि त्याने विचारलं, "दादाजी, किसका इंतज़ार कर रहे हैं?" बाबांनी त्याला सगळं सांगितलं. काशी, डबा, आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी, सगळं. घरी येऊन मला म्हणाले, आजकालच्या लोकांना ऐकायला वेळ आहे, तू उगीच नावं ठेवतेस. खूश होते.

पुढच्या आठवड्यात त्या माणसाने काढलेला व्हिडिओ आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. बाबा बाकावर, पिशवी मांडीवर, रुमाल डोळ्याला, आणि खाली रडकी बासरी. बाबांचा आवाज पूर्ण काढून टाकलेला. त्याच्या जागी मशीनने काढलेला एका बाईचा आवाज हिंदीत गळा दाटून सांगत होता की या बापाचे दोन मुलगे अमेरिकेत आहेत, तिकीट काढून येतो म्हणून बापाला इथे बसवून गेले ते आलेच नाहीत, आणि बाप अजून त्यांच्या वाटणीची भाकरी सांभाळून बसला आहे.

मला आधी हसू आलं. मला भाऊच नाही. मी एकुलती एक, आणि अमेरिका म्हणाल तर आमच्या घराण्यात नागपूरच्या पलीकडे फारसं कुणी गेलेलं नाही. बाबाही हसले. म्हणाले, बघ, या वयात फुकटात दोन पोरं झाले मला. मग मी खालचे शेरे वाचले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मुलांना फाशी द्या म्हणत होते लोक. आमच्या ओळखीच्या बाईंनी, ज्यांनी माझ्या बारशाला घुगऱ्या खाल्ल्या आहेत, त्यांनी हात जोडलेले चित्र टाकून खाली लिहिलं होतं, कलियुग. अहो, फोन करून विचारा ना. चार गल्ल्या सोडून राहता. सदरला नेहमीच्या बेकरीत बाबांना घेऊन गेले तर मालकाने बाबांना बिस्किटाचा पुडा असाच दिला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, दीदी, तुम्ही वृद्धाश्रमाच्या संस्थेकडून आहात का? पंचवीस वर्षं त्या माणसाने मला बापाबरोबर पाहिलं होतं. व्हिडिओत मी नव्हते, म्हणून मी संस्थेची.

मला भीती लोकांची नव्हती. हे बाबांच्या डोक्यात शिरेल, याची होती.

व्हिडिओवरच्या चॅनलच्या नावावरून पत्ता काढला, कमानिया गेटजवळ साड्यांच्या दुकानाच्या वर त्या चॅनलवाल्याची खोली होती. मी भांडायच्या तयारीने जिना चढले. माणूस अगदी सभ्य निघाला, चहा मागवला. मी म्हटलं, हे धादांत खोटं आहे. त्याला वाईट वाटलं, पण माझ्याबद्दल. झूठ नहीं है दीदी, म्हणाला, कहानी है. शब्द मशीन लिहितं, आवाज मशीन देतं, त्याने फक्त चित्र घेतलं होतं. बाबांनी सांगितलेलं का काढलं विचारलं तर म्हणाला, लंबा था, आणि त्यात कुणी रडत नव्हतं. मग त्याच्या डोक्यात कल्पना आली. आपण दुसरा भाग करू, बिछडी हुई बेटी मिल गई, तुम्ही दोघं त्याच बाकावर बसा, पाच मिनिटांचं काम आहे. मी चहाचा कप तसाच ठेवून उठले. व्हिडिओ त्याने माझ्यासमोर काढून टाकला, तेवढं खरं. पण तोवर त्याच्या नकला निघाल्या होत्या. एकीत बाबा कानपूरचे होते, एकीत निवृत्त शिक्षक होते, एकीत तर थंडीने मेले होते. तक्रारीचं बटण मी दाबत गेले. प्रत्येक वेळी उत्तर यायचं की आम्ही तपासलं, यात नियमाविरुद्ध काही नाही. ते उत्तरही मशीनचंच. माणूस नावाची वस्तू त्या सगळ्या प्रकारात कुठे होती ते मला अजून सापडलं नाही.

आमच्या धंद्यातले लोक हे ऐकून म्हणतात की तंत्रज्ञान चांगलं की वाईट ते वापरणाऱ्यावर आहे. पाठ केलेलं वाक्य आहे. मी आत बसते, मला माहीत आहे, ते तसं तटस्थ बनवलेलंच नसतं. माणूस जिथे थांबेल तेच त्याच्या ताटात पुन्हा वाढायचं, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. हसून थांबला की घाबरून थांबला, त्याला फरक पडत नाही. बाबा स्वतःला बघायला थांबले. मग फोनने त्यांना आणखी तेच दिलं. सोडून दिलेले बाप, वृद्धाश्रमाच्या फाटकाशी सोडलेल्या आया, विमानातून हात हलवणारी मुलं. जेवल्यावर बाबा आरामखुर्चीत बसून तेच बघत. मी फोन काढून घेतला तर दोन दिवस बोलले नाहीत, मी काय लहान आहे काय, म्हणाले. परत दिला. रोज गुपचूप साफ करायची, नको ते पुसायची, भजनं आणि जुन्या क्रिकेटच्या मॅचा लावून ठेवायची. संध्याकाळपर्यंत पुन्हा ती बासरी सुरू. दिवसभर ज्या यंत्राचे नटबोल्ट मी आवळते त्याच जातीच्या यंत्राशी माझ्याच घरात भांडत होते आणि हरत होते. सकाळचा आईचा विषय सुरूच होता. फक्त बाबा आता दुरुस्त्या करत नव्हते. हो हो म्हणायचे.

एक दिवस वरण वाढताना त्यांनी विचारलं, पोरांचा फोन नाही आला काहून? मला वाटलं नागपूरच्या काकांची मुलं. म्हटलं, कुठली पोरं, बाबा?

"आपली. अमेरिकेतली."

पळी मी वरणात ठेवली. मी त्यांच्यासमोर बसून समजावलं, मग आवाज चढवला, मग अल्बम काढला. बारसं, सायकल, कॉन्व्होकेशन, सगळ्यात एकच पोर आहे बघा, म्हटलं. त्यांनी एकेक फोटो नीट पाहिला. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून बोलल्यासारखे म्हणाले, चांगले आहेत फोटो. त्या रात्री मी फोन कपाटात कुलूपबंद केला आणि त्यांनी तो मागितलासुद्धा नाही. त्यांना आता त्याची गरज राहिली नव्हती. मला रडू आलं, ते मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मग नागपूरहून फोन आला की ओळखीतलं एक कुटुंब काशीला निघालं आहे. मला इतका आनंद झाला की बोगीचा नंबर लिहून घ्यायची विसरले आणि परत फोन केला. वाटलं, हेच औषध. डबा हातात आला की बाबा स्टेशनवरचे बाबा होतील. सकाळी उठून पोळ्या केल्या, बटाट्याची सुकी भाजी, आईच्या प्रमाणाने चटणी. कमानिया गेटची खव्याची जिलेबी आणली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. ऑटोत पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि ऑटोवाल्याला म्हणाले, आज गाडी टाइमवर आहे. मी त्यांच्या नकळत देवाचे आभार मानले.

गाडी आली. बोगी बरोबर आमच्यासमोर लागली. दारात एक गृहस्थ आणि त्यांची आई उभी होती, त्यांनी हात पुढे केले. बाबांनी पिशवी छातीशी धरली. मी म्हटलं, बाबा, द्या. ते मागे सरकले. मी पिशवीला हात लावला तर माझा हात त्यांनी झटकला. दारातल्या माणसांना कळेना काय झालं, त्या आजी म्हणाल्या, राहू द्या हो, राहू द्या. गाडी हलली. मी त्यांच्याकडे बघून हात जोडले.

प्लॅटफॉर्म रिकामा झाला तसे बाबा बाकावर जाऊन बसले. त्याच बाकावर. मी शेजारी बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय अदबीने, हिंदीत, म्हणाले, "माफ़ कीजिए दीदी. ये मेरे लड़कों का है."

जन्मात पहिल्यांदा माझा बाप माझ्याशी हिंदीत बोलला.

त्यांनी दूर सिग्नलकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि मग स्वतःच डबा उघडला. आज भी नहीं आए वो लोग, म्हणाले, अन्न वाया काहून घालवायचं. हे शेवटचं मराठीत, स्वतःशी. झाकणावर एक पोळी ठेवून त्यांनी माझ्यापुढे केली. मी घेतली. वातड होती.

"और आप?" त्यांनी विचारलं. "आप किसका इंतज़ार कर रही हैं?"

मी मराठीतच सांगितलं, "बाबांची वाट बघते आहे."

"आएँगे, आएँगे," ते म्हणाले, आणि माझ्या पोळीवर आणखी थोडी चटणी वाढली.