डीर्ककाकांचे आकडे

मोलोच्ना नदीकाठच्या आमच्या मेनोनाइट ख्रिस्त्यांच्या वस्तीत डीर्क लोएवेन प्रार्थनाघरात पुढे उभं राहून सगळ्यांना सूर देणारे गायक. आवाज असा, की तिसऱ्या शेतातली गाय चरायची थांबे!

एकोणीसशे एकोणीस साली यादवी पेटलेली; आज पांढऱ्या फौजेचे, उद्या तांबड्या फौजेचे, परवा कुणाचेच नसलेले घोडेस्वार गावात शिरत. शस्त्राला हात लावायचा नाही हा आमचा पणजोबांपासूनचा नेम. मग डीर्ककाकांनी जुन्या स्तोत्राच्या चालीवर नवं गाणं रचलं:

घोडे असोत कुणाचेही,
पाणी आमचं पिऊन जावोत.

आमच्याकडे सूर आकड्यांत लिहितात. सा म्हणजे एक, रे म्हणजे दोन. काकांनी बायको आगाता आणि शेजारीण सुझाना यांच्यासाठी त्याच गाण्याचे दोन कागद लिहिले. रविवारच्या पावांना लोणी लागत होतं, तेवढ्यात घोडेस्वार आले आणि दोन्ही कागद त्यांच्या नायकाच्या हाती पडले.

"तोफा कुठे आहेत त्याचे आकडे ना हे?"

"नाही हो साहेब, सूर आहेत."

"हेरसुद्धा असंच म्हणतात. याला भिंतीशी उभा करा."

काकांचा गळा मात्र शाबूत होता. "या दोघींकडून गाऊन घ्या! वेगवेगळं!"

नायकाला गंमत वाटली. त्याने सुझानाला गोठ्यात पाठवलं आणि एक कागद आगाताकडे दिला. ती गाऊ लागली. दोन ओळी झाल्या, तिसरीत अडली.

"अहो, हे काय लिहून ठेवलंय? इथे तीन हवा, तुम्ही सहा लिहिलाय! एवढ्या उंच कोण चढणार, तुमची आई?"

"आगाता, समोर बंदुका आहेत गं!"

"म्हणून काय बेसूर गाऊ?"

शिपाई फिदीफिदी हसले. नायक हसला नाही. "पाठ असेल हिला. दुसरीला आणा."

सुझाना आली. गोठ्यात तिला काही ऐकू गेलं नव्हतं. दुसरा कागद घेऊन तिने सूर लावला. काकांनी डोळे मिटले. एक ओळ... दुसरी... तिसरी...

"डीर्ककाका! झोपेत लिहिलंत का? सहा कुठला इथे? तीन, तीन!"

आता मात्र नायक पोट धरून हसला. "सोडा रे म्हाताऱ्याला. दोन बायका एकाच जागी शिव्या घालतात, म्हणजे सूरच आहेत हे." त्याने खिशातली पेन्सिल पुढे केली. "दुरुस्त कर आधी."

तीस वर्षांत काकांनी कुणासमोर आपला आकडा खोडला नव्हता. त्या दिवशी दोन्ही कागदांवर खोडला.

"आणि आता तिघं मिळून गा," नायक पाव उचलत म्हणाला, "आमचे घोडे पाणी पिईपर्यंत."