तिने न पाहिलेला फोटो

चांगुणाच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी करंजाड्यातल्या माझ्या घरी मेथी निवडत बसले होते. “मावशी, आय गेली,” तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, “दहाव्याला ठेवाया फोटू पायजे. आधार कार्डावरचा सोडला तर आमच्याकडं एकपन नाय. तुमच्याकडं हाय ना?” होता... गेली कित्येक वर्षं तो माझ्याकडेच होता.

चांगुणा मोरा बंदराकडच्या एका वस्तीत मासळी विकायची आणि मी बेलापूरच्या ऑफिसात, परदेशी निधीवर चालणाऱ्या महिला हक्कांच्या प्रकल्पाचे अहवाल लिहायची. आमचं काम पुष्कळदा बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. पण तिने ते खरं धरलं. नवरा वारल्यावर होडी तिच्याकडे राहिली, मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व मात्र दिराच्या नावावर गेलं. सभासद नाही म्हणून डिझेल नाही, बर्फ नाही, बैठकीत शब्द नाही. आम्ही तिला अर्ज लिहून दिला, नम्रपणे कसं बोलायचं ते पढवलं. ते सगळं बाजूला ठेवून ती भर बैठकीत उभी राहिली आणि समोरच्या पुरुषांवर बोट रोखून म्हणाली, “होरी माजी, मंग नाव दिराचं कशाला?” मी पुरुषांच्या बाजूला उभी होते, तिथूनच फोटो काढला. खोचलेला पदर, पेटलेले डोळे आणि सरळ समोर आलेलं बोट... काय दिसत होती! बाहेर आल्यावर ती म्हणाली, “अर्ज मंजूर होईस्तोवर कोनाला दावू नको हां. आदी मना दाव.” मी हो म्हटलं आणि इंग्रजी संमतीपत्रावर तिचा अंगठा घेतला.

महिन्याभरात तो फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर होता. मीच पाठवला होता; साहेबांनी पाठ थोपटली तेव्हा सुखावलेही होते. कुणीतरी तो मोबाइलवरून गावात आणला. बाईने परदेशात गावाची अब्रू घालवली, असं पुरुष म्हणू लागले आणि तिचा अर्ज गठ्ठ्यात बांधला गेला तो कायमचा. गावभर फोटो फिरला, पण तिला कुणी दाखवला नाही. ती माझ्यावर एकदाही चिडली नाही. भेटले की सुक्या जवळ्याची पुडी हातात कोंबायची आणि विचारायची, “ताई, माजा फोटू कवा दावशील?” पुढच्या वेळी, म्हणायचे मी. पर्समध्ये मोबाइल असायचा. पण फोटो दाखवला असता तर माझी करणीही सांगावी लागली असती... आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. मग प्रकल्प संपला आणि माझं जाणंही थांबलं.

दहाव्याला गेले तर मी पाठवलेला फोटो दुकानातून गळ्यापर्यंत कापून आणलेला. “हात बरा दिसत नवता,” दीर म्हणाला. त्या कापलेल्या फोटोला सोसायटीतले सगळे हात जोडून गेले. मला ओरडावंसं वाटत होतं. मीही हात जोडले.

महिना होत आला. अख्खा फोटो मी माझ्या टेबलासमोर लावलाय. तेव्हा जिथे उभी होते, तिथेच अजून आहे. त्यामुळे ते बोट नेमकं माझ्यावर येतं. चहा प्यायला बसले तरी येतं, पाठ केली तरी जाणवतं. रोज वाटतं, काढून कपाटात ठेवावा. खुर्चीवर चढते, चौकटीला हात लावते आणि तिचा आवाज येतो... “कवा दावशील?” मग तशीच खाली उतरते.