पोटात पाणी, पिशवी कोरडी

बाबांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. तरी त्यांचे डोळे पिवळे झाले तेव्हा आमच्या आंजी गावात जो तो मला बाजूला घेऊन विचारायचा, "चोरून घेत होते काय?" जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे आवाज हळू.

बाबा तहसील कचेरीतले निवृत्त कारकून. त्यांना कावीळ 'ब'चा विषाणू होता. कळलं तोवर यकृत आक्रसून गेलेलं. पोटात पाणी साचलं, सदऱ्याची बटणं लागेनात. मग ताप आला, पोट दुखू लागलं, आणि आम्ही त्यांना वर्ध्याला दवाखान्यात भरती केलं. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. औषधांनी ताप उतरला, पण नळीला जोडलेली लघवीची पिशवी काही भरेना. तळाशी कोऱ्या चहाच्या रंगाचं थोडंसं, बस.

"पाणी जास्त पाजू का?" मी डॉक्टर मॅडमना विचारलं.

"नको. त्यांच्या किडन्या मुळात चांगल्या आहेत. यकृत खराब झालं की पोटाकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त तिकडंच रेंगाळतं. किडनीला वाटतं, शरीर कोरडं पडलं. ती आपल्या नसा आवळून घेते, आणि लघवी थांबते."

बाबा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे वरच्यानं पाट फोडला, अन् शेवटच्या वावराले पानी नाई."

"तसंच," मॅडम म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

अल्ब्युमिनच्या, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाच्या, बाटल्या लागल्या, सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळायचं औषध सुरू झालं. मी आणि आई आळीपाळीनं वाकून पिशवी पाहायचो. बाबांना आडवं झालं की दम लागे, बसलं की पोट मांड्यांवर येई. हाताला सलाईन, खाली नळी, कॉटला कठडे.

"मले कोंडल्यावानी वाटून राह्यलं पोरी," ते म्हणाले. "घर असतं तर बाहीर गेलो असतो. आता आंगातून कोठी जाऊ?"

औषधाचा फारसा उपयोग होईना. मॅडम म्हणाल्या, किडनी सुधारायची तर यकृतच बदलायला हवं. मी म्हटलं, माझं घ्या. रक्तगट जुळत होता. बाबा नको नको म्हणत राहिले. मी ऐकलं नाही, तपासणीला रक्त देऊन आले.

अहवाल आला तेव्हा मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं. तोच विषाणू माझ्याही रक्तात होता. आईच्या नव्हता, पण तिचा रक्तगट जुळत नव्हता. माझं यकृत घेता येणार नव्हतं, आणि देणारं दुसरं कुणी नव्हतं.

बाबांपासून लपवायचं ठरवलं होतं, पण माझा चेहरा त्यांनी वाचला.

"मीच देल्ला का तुले?"

"कोनाले सांगता येत नाई बाबा, असं डॉक्टर म्हनते."

"मीच देल्ला." त्यांना तोंड भिंतीकडे फिरवायचं होतं. नळ्यांमुळे कूस बदलता आली नाही. तसेच उताणे पडून राहिले, आणि पिवळ्या डोळ्यांतलं पाणी कानांत उतरलं. मी त्यांचा हात धरून बसले. उठून जावंसं वाटत होतं. जाता येत नव्हतं, आणि बसून काही करताही येत नव्हतं.

डायलिसिस करून पाहिलं. रक्तदाब इतका खाली गेला, की अर्ध्यात थांबवावं लागलं. मग त्यांना भ्रम होऊ लागला. मला साहेब समजून विचारायचे, "फाईल आनू का?" एका सकाळी मात्र नीट ओळखलं. "मले घरी ने," म्हणाले. आईनं होकाराची मान हलवली. मॅडमनी समजावून सांगितलं, पण अडवलं नाही.

घरी पुढच्या खोलीत खाट टाकली. आई त्यांचे पाय चोळत बसायची. दोनेक दिवसांनी, दुपारी, तिच्या हातांखालीच ते गेले.

माझ्या मुलाची तपासणी मी लगेच करून घेतली. त्याला काही नाही; त्याला लहानपणीच लस दिलेली. मी मात्र दर काही महिन्यांनी तपासणीला रक्त द्यायला जाते. यकृत अजून ठीक आहे, गोळीची गरज नाही, असं मॅडम म्हणतात. बाहेर बाकावर नंबराची वाट पाहताना मी मोबाईलचा आरसा करते आणि डोळ्याची खालची पापणी ओढून बघते.