दिवाळीतली तुती

चांगुणाकाकूंच्या अंगणात तुतीचं झाड होतं आणि त्याची एकही तुती त्यांनी कधी तोंडात घातली नाही. फाल्गुनात झाड लगडलं की ओंजळ भरून माझ्या दारात यायच्या. ‘‘खा गो मास्तरीणबाय. रंगावर जाव नको. हात लावला आनी हातात आली, का समजायची पिकली.’’ कारण ती पांढरी तुती, पिकली तरी पांढरीच. पहिल्यांदा ताटलीत पाहिली तेव्हा मला वाटलं, बाईनं अळ्याच आणून ठेवल्यात! मी अशी किंचाळले की काकूंना हसू आवरेना.

‘‘तुम्ही नाही का खात?’’ मी विचारलं.

‘‘पयली मंजू खाईल. मंग मी.’’

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी माझ्या नवऱ्याची राई गावच्या शाळेवर बदली झाली आणि आम्ही काकूंच्या शेजारी बिऱ्हाड केलं. काकू विधवा. मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहायच्या. सावळ्या, काटक, आणि आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. मंजू त्यांची एकुलती एक. बारा वर्षांची असताना ती आईबरोबर मिठागराच्या शेठच्या बंगल्यावर झाडलोटीला गेली होती. तिथला माळी तुती छाटत होता, त्याच्याकडून तिनं तीन काड्या मागून आणल्या. राईची माती खारी. दोन काड्या वाळल्या. तिसरीसाठी मंजूनं डोंगराकडची गोडी माती पाट्या भरभरून आणली आणि विहीर मचूळ झाली की तांदळाचं धुवण घातलं. झाड जगलं. पण त्याला पहिलं फळ धरायच्या आत चौदाव्या वर्षी मंजूचं लग्न झालं आणि ती उरणला गेली.

उरणलाही मिठागरंच. थंडी पडली की मिठाचं काम सुरू होतं ते पावसाच्या तोंडाशी संपतं, आणि तेवढे महिने सून म्हणजे कामाचे दोन हात. सासरचे तिला दिवाळीलाच पाठवायचे, तेही त्यांची मर्जी असली तर. तुती पिकायची फाल्गुनात. स्वतः लावलेल्या झाडाचं फळ त्या पोरीनं चाखलंच नव्हतं, आणि काकूंच्या जिवाला तेवढाच एक घोर लागून राहिला होता.

बरं, तुती पाठवणार कशी? उरण म्हणजे आधी गाडी, मग धक्क्यावरून लाँच. तुती सकाळी तोडली की संध्याकाळी तिचं पाणी होतं. काकूंनी काय काय केलं! एका वर्षी बरणीत मीठ घालून भरल्या. मिठागरावरची बाई, तिला दुसरं काय सुचणार? कैरी टिकते, करवंद टिकतं, मासळी टिकते. आठ दिवसांनी बरणी उघडली तर आत नुसतं तपकिरी पाणी, आणि वास असा की मी नाकाला पदर लावला. ‘‘जलम गेला माझा मिठात,’’ काकू बरणीकडे बघत म्हणाल्या, ‘‘आनी येवढंसं फळ राखता येत न्हाय.’’ पुढच्या वर्षी उन्हात वाळत घातल्या, त्या मुंग्यांनी नेल्या. मी शहाणपणानं मुरांबा सुचवला. ‘‘मंजूनं झाड लावलंय, मुरांबा न्हाय लावला,’’ असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं.

त्यात एका दिवाळीला मंजू तापानं चार दिवस जास्त राहिली. झालं! पुढची दोन वर्षं सासरच्यांनी तिला पाठवलंच नाही. माझ्या नवऱ्यानं काकूंच्या वतीनं दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. घरात पुरुषमाणूस नाही, मग कोण जाऊन भांडणार? मी चडफडायचे. काकू म्हणायच्या, ‘‘दिलेली पोर हाय गो. आपला आवाज तिच्या पाठीवर पडतो.’’

आणि मग एका श्रावणात शेजारची बकरी सुटली. तिनं तुतीची एक खालची फांदी पार ओरबाडून काढली, पान म्हणून ठेवलं नाही. काकूंनी तिला शिव्यांची लाखोली वाहिली. पण पुढं त्याच फांदीला नवे कोंब फुटले आणि कोंबांबरोबर तुती धरली. बाकी सगळं झाड नुसतं हिरवं, आणि या एका फांदीला ऐन नवरात्रात फळं! काकू मला हाताला धरून ओढतच घेऊन गेल्या. ‘‘बघ, बघ! बकरीला कललं, मना न्हाय कललं!’’ बोटांवर महिने मोजले. गणपतीच्या सुमाराला झाड ओरबाडलं तर दिवाळीला पिकेल.

पुढच्या वर्षी गौरी विसर्जन झाल्याबरोबर काकू कोयता घेऊन झाडावर चढल्या. फांद्यांचे शेंडे छाटले, पान न् पान खुडलं. हिरवंगार झाड उघडंबोडकं करून टाकलं. लोक म्हणाले, चांगुणेचं डोकं फिरलं. पंधरा दिवस मलाही तेच वाटत होतं. मग कोंब आले. दसऱ्याला फळं धरली. काकू रोज मोजायला जायच्या आणि मोजता मोजता चुकायच्या. उरणहून निरोपही आला, या वर्षी धाडतो. काकू अक्षरशः नाचल्या हो अंगणात!

मंजू आली ती नरक चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या गाडीनं. बरोबर थोरले दीर. ते ओटीवर बसले आणि पाणी पिऊन म्हणाले, ‘‘दुपारच्या गाडीनं माघारी जायचंय. घरी कामं हायत.’’ झाड पांढरंशुभ्र लगडलेलं. मंजू त्याच्याखाली उभी राहिली. वीस-एकवीस वर्षांची पोर, पण मिठानं हातांची कातडी चिरलेली. काकूंनी एक टपोरी तुती तोडून तिच्या ओठांपाशी नेली.

मंजूनं मान मागं घेतली. ओटीकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाली, ‘‘आय, मना नको. सगली सासूबायना दे. खूश झाली तर शिमग्याला धाडील मना.’’

ती तुती उरणपर्यंत टिकणार नाही, हे काकूंइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? मला वाटलं, आता सांगतील. मी तरी सांगावं. पण मंजूच्या डोळ्यांत केवढी तरी आशा होती. काकूंनी टोपली आणली. खाली केळीचं पान घातलं. दोघी मायलेकी झाड उतरवत राहिल्या, वरच्या फांदीपर्यंत, एक फळ मागं ठेवलं नाही. वरून ओलं फडकं बांधलं. दिरांनी हाक मारली, मंजूनं टोपली डोक्यावर घेतली आणि ती गेली. शिमग्याला तिला कुणी पाठवलं नाही.

त्या दिवशी बांधापर्यंत पोचवून परत येताना मी काकूंवर चिडलेच. ‘‘अहो, एक तरी घालायचीत बळंच तिच्या तोंडात! सहा वर्षं कशासाठी केलंत हे सगळं?’’

काकू चालायच्या थांबल्या. त्यांचा तो खाडीपलीकडे जाणारा आवाज मला नीट ऐकूसुद्धा येईना.

‘‘ती भ्यायली होती गो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘भ्यायलेल्या लेकराच्या तोंडाला गोड लागतं का?’’