धोंड्याच्या महिन्यातली सहल

जावई बायकोला मारतो हे कळल्यावर आमच्या घरात काय ठरलं असेल? पोलीस नाही, वकील नाही. जावयाला सहलीला न्यायचं ठरलं.

मी थट्टा करत नाही. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायण, हे आईच्या हाडीमाशी भिनलेलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. दिवाळीला ती फाटलेला ओठ घेऊन माहेरी आली, संक्रांतीला मनगटावर काळानिळा पट्टा घेऊन. "बाथरूममध्ये घसरले," ती म्हणाली. मी म्हटलं, कोथरूडच्या बाथरूम फारच निसरड्या दिसतात, बरी सणासुदीला घसरतेस. आईने मला डोळ्यांनी दटावलं. पण ती गेल्यावर आई बाबांना म्हणाली, "आपलंच मानपानात काही कमी पडलं असेल. मान दिला की माणूस नरमतो."

मी शाळेत इतिहास शिकवते. मान दिल्यामुळे नरमलेला एकही माणूस मला इतिहासात भेटलेला नाही. पण माझं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे या विषयातल्या माझ्या मताला घरात कुणी विचारत नव्हतं.

आम्ही कसबा पेठेतले. बाबा तांबट. पत्र्यावर हातोडी मारून हंडे-घंगाळी घडवण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि त्या ठोक्यांत कानही गेले. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. स्टीलने धंदा बसवला, प्लॅस्टिकने झोपवला. मग हिंजवडीत कंपन्या आल्या आणि तो पुन्हा जरा उठून बसला, कारण नव्या फ्लॅटवाल्यांना दिवाणखान्यात रिकामं घंगाळ ठेवायची हौस आली. असंच एक घंगाळ घ्यायला हा जावई पहिल्यांदा आमच्या दुकानात आला होता. सॉफ्टवेअरमधला, अमेरिकेला जाऊन आलेला, वाकून नमस्कार करणारा. बाबांचे हात बघून म्हणाला, "काका, ही कला जपली पाहिजे." आई तिथेच विरघळली. पुढचं सगळं पत्रिका जुळवून, रीतसर झालं.

तर सहल. डेक्कनवरच्या एका लहानशा सहल कंपनीकडे बाबांनी आमची पाच नावं घातली. ओरछा, खजुराहो आणि शेवटी बांधवगडचं जंगल. महाल, देवळं आणि वाघ, तिन्ही एका दमात. बांधवगडच्या जंगलात शेषशायी विष्णूची भली मोठी दगडी मूर्ती आहे हे आईने माहितीपत्रकात वाचलं आणि तिला देव पावला. पुरुषोत्तम मासात साक्षात विष्णूसमोर वाण! अनारशांचा डबा तिने पुण्यापासून मांडीवर घेऊन नेला.

मला एकच दिसत होतं. सहल संपवून गाडी पुण्याला आली की बहीण एक तर त्याच्याबरोबर कोथरूडला जाणार, नाही तर आमच्याबरोबर कसब्यात. मला ती कसब्यात हवी होती. जातानाच रेल्वेच्या डब्यात दारापाशी गाठून मी तिला तसं सांगितलं.

"ताई, ते रागात नसले ना की खूप चांगले असतात गं," ती म्हणाली.

"पोट भरलेलं असलं की वाघही चांगलाच असतो," मी म्हटलं.

ती हसली, आणि लगेच तिने मागे वळून बघितलं, आपलं हसणं कोणी ऐकलं का ते. मला तेव्हा इतका संताप आला की दाराची मूठ उपटून काढावीशी वाटली.

सहलीत तो सगळ्यांचा लाडका झाला. म्हाताऱ्यांच्या बॅगा उचलायचा, "आई, तुम्ही बसा, चहा मी आणतो" म्हणायचा. बसमधल्या बायका आईला सांगायच्या, "दिवा घेऊन शोधलात तरी असा जावई मिळायचा नाही." मी म्हणायची, "आम्हाला तर अंधारातच सापडला." त्या हसायच्या. पुणेरी बोलण्याचा हा एक तोटा आहे, खरं बोललं तरी लोकांना विनोद वाटतो.

खजुराहोला सगळे देवळाच्या भिंतींवरच्या जोड्या बघत होते, म्हणजे बघत नसल्यासारखं करून बघत होते. मी खाली जोत्यावरची कोरीव पट्टी बघत चालले होते. तिथे सैन्य चाललंय, शिकार चाललीय, माणसं माणसांना मारतायत, हत्ती अंगावर येतोय. ते बघत मागच्या बाजूला वळले तर तो बहिणीला कोपऱ्यात घेऊन उभा होता. वाटाड्या काही गमतीचं बोलला होता आणि ती मोठ्याने हसली होती, एवढाच गुन्हा. त्याने एका हाताने तिचे दोन्ही गाल दाबून धरले आणि डोकं दगडावर आपटलं. हळू. आवाज होणार नाही इतपत. मग पुन्हा. ती ओरडली नाही, नुसती डोळे मिटून पुढच्याची वाट बघत होती. मला बघितल्यावर त्याने हात काढला आणि तिच्या केसांतली धूळ झटकली. "ताई, ऊन फार आहे हो. हिला चक्कर आली."

मी त्याला सगळ्यांच्या देखत नालायक म्हटलं. सहल व्यवस्थापक धावत आला, बायका कुजबुजल्या, आणि बहिणीनेच सांगितलं, "खरंच चक्कर आली मला." आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "अजून वाण व्हायचंय. तोवर तोंड आवर." त्या दिवशी आईचाही मला मनापासून राग आला.

बांधवगडला पहाटे उघड्या जिप्सीतून आत शिरलो. पुढे चालक आणि वनखात्याचा गाइड, मधल्या बाकावर तो आणि बहीण, मागे आम्ही तिघं. त्याच्याकडे हातभर लांब भिंगाचा नवा कॅमेरा होता आणि त्याची जड बॅग सांभाळायचं काम बहिणीचं. सहलभर ती बॅग तिच्याच खांद्याला होती.

वळणावर गाइडने हात वर केला. गवतातून वाघीण निघाली आणि काही कळायच्या आत तिने चितळाच्या मादीला पाडलं. टीव्हीवर दाखवतात तसं ते नसतं. फार वेळ चालतं. वाघिणीने गळा धरून ठेवला होता आणि मादीचे मागचे पाय हवेत सायकल चालवत होते. घुसमटल्यासारखा आवाज येत होता, मग तोही थांबला, पाय मात्र हलतच राहिले. ओल्या रक्ताचा वास आमच्यापर्यंत आला. बाबांना काही ऐकू येत नव्हतं, पण त्यांनी मान फिरवली. तो उभा राहून खटाखट फोटो काढत होता.

आणि बहीण "आई गं!" म्हणून किंचाळली.

वाघिणीने मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि शिकार फरफटत बांबूत घेऊन गेली. रस्त्यावर नुसता ओला पट्टा राहिला. त्याने कॅमेरा शांतपणे खाली ठेवला. "काय सांगितलं होतं मी?" तो अगदी हळू म्हणाला. मग तिची वेणी मुठीला गुंडाळली आणि तिचं तोंड समोरच्या लोखंडी दांडीवर आदळलं. हे काही देवळामागचं हळू आपटणं नव्हतं. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. त्याने पुन्हा आदळलं. माझ्या चष्म्यावर रक्त उडालं. "साहब, छोड़ो!" गाइड ओरडला.

तेवढ्यात बाबा माझ्या अंगावरून पुढे गेले. सगळं आयुष्य हातोडी धरलेला तो पंजा त्याच्या गळ्याभोवती बसला. बाबांनी त्याला मागे ओढून बाकावर उताणा केला आणि दाबत राहिले. त्याच्या टाचा जिप्सीच्या पत्र्यावर आपटत होत्या. चेहरा आधी लाल झाला, मग जांभळट. मी बाबांना अडवलं नाही. तो तिथेच मरावा असं मला वाटत होतं आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

आई बाबांच्या पाठीवर बुक्क्या मारत ओरडत होती, "अहो, जावई आहेत ते! जीव जाईल त्यांचा! सोडा!" बाबांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. पण बहिणीने रक्ताने भरलेल्या तोंडाने त्यांच्याकडे बघून हात जोडले. बाबांनी सोडलं.

शेषशायीपाशी पाणी असतं आणि तिथे गाडीतून उतरता येतं, म्हणून गाइडने जिप्सी तिकडे घेतली. दाट झाडीत, शेवाळलेल्या कुंडाकडेला विष्णू आडवा झालेला. किती शतकं तसाच पडून आहे आणि कशाचंच त्याला काही वाटलेलं नाही. आईने पदर भिजवून लेकीचं तोंड पुसलं. पुढचे दोन दात अर्धे गेले होते. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत आईने अनारशांचा डबा उघडला.

"आई, वेड लागलंय का तुला?"

"बोललेलं वाण मोडलं तर तिच्याच संसारावर येतं," आई म्हणाली. 

मला वाटलं, तो तरी नको म्हणेल. तो मांडी घालून बसला. गळ्यावर बाबांच्या बोटांचे वळ उठलेले, तरी त्याने रुमाल नीट पसरून दोन्ही हात पुढे केले. आईने कुंकू लावलं. बोटाला लेकीचं रक्त आधीच होतं, त्याच्या कपाळावर दोन्ही लागलं. तिने अनारसे हातात ठेवले. त्याने एक उचलून वास घेतला आणि हसून म्हणाला, "आई, झालं गेलं विसरून जाऊ. पुढच्या अधिकात मात्र सिंगापूर करू या."

आईने त्याच्याकडे बघितलं.  मग डब्याचं झाकण लावलं आणि जिप्सीत जाऊन बसली. त्यानंतर ती कोणाशीही बोलली नाही.

गावातल्या दवाखान्यात ओठाला टाके घातले. जिप्सीला धक्का बसला, असं बहिणीनेच डॉक्टरांना सांगितलं. परतीच्या गाडीत शेजारच्या बाईंना सगळं उमगलं होतं. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच." बाबांना ऐकू आलं नाही, म्हणून मी ते वाक्य त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. बाबा त्यांना म्हणाले, "बाई, भांड्याला भांडं लागलं की पोचा दोघांना पडतो. इथे एकीलाच पडलाय." बाई पांघरूण घेऊन झोपल्या.

मी रात्रभर बहिणीशी बोलत होते. ती मान हलवत होती, पण ते हो होतं की नाही ते कळत नव्हतं. सकाळी तिने स्वतःची बॅग आमच्या सामानातून काढून त्याच्या सामानाशेजारी नेऊन ठेवली. 

पुढे तक्रार झाली, कोर्ट झालं, तो सुटाबुटात येऊन कसा साळसूद बोलायचा, घटस्फोटाला किती वर्षं लागली, ते सगळं सांगायचा मला कंटाळा आहे. पुणे स्टेशनच्या फलाटावर काय झालं तेवढं सांगते.

उतरल्यावर त्याने गाडी बाहेर उभी आहे असं सांगितलं आणि बहिणीला म्हणाला, "चल." ती कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावून निघाली. तो तिची दुसरी बॅग घेऊन पुढे. आईने ती बॅग मागून धरली.

"आई, सोडा. लोक बघताहेत," तो हसत म्हणाला.

आई सोडेना. त्याने ओढली, आईने ओढली. मग त्याने आजूबाजूला बघितलं आणि आईच्या छातीत कोपर मारून बॅगेला पुढे हिसका दिला. आई तोंडावर फलाटावर पडली. चष्मा फुटला, कपाळ फुटलं. तिचं ते कपाळ बहिणीने बघितलं.

दोन वर्षं मार खाताना जिने हात वर केला नव्हता, तिने कॅमेऱ्याची बॅग पट्ट्याला धरून गरकन फिरवली. ती त्याच्या कानावर बसली. आतलं भिंग फुटल्याचा आवाज आला. तो गुडघ्यावर आला, तिने पुन्हा मारली. बॅग हातातून सुटली तशी चप्पल काढली. त्याने तिचा पाय धरला, तर ती त्याच्या हाताला कडकडून चावली, उरलेल्या दातांनी. ओठाचे टाके तुटले, दोघांचं रक्त एक झालं. ती थांबेना. नुसती मारत होती. लोक जमले, हमाल थांबले. एक पोलीस गर्दीतून "ओ मॅडम, काय लावलंय हे?" म्हणत येताना दिसला.

पोलीस तिला पकडेल या भीतीने बाबा तिला मागे खेचायला धावले. आईला अजून उठता येत नव्हतं. तिने बसल्या जागेवरून त्यांच्या लेंग्याचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्या कुंडापासून तिने तोंड उघडलं नव्हतं, आणि बाबांना ऐकू जायचं म्हणजे ओरडावंच लागे, त्यामुळे ती काय म्हणाली ते सबंध फलाटाने ऐकलं.

"अहो, तिला धरू नका! तिचं अजून झालेलं नाही!"