चांदीच्या आकड्याची मागची बाजू

कापसाचा बोळा काळा झाला तसं मला बरंच वाटलं. खालची चांदी उघडी पडतेय, असं.

सिंगापूरमध्ये, सेरंगूनच्या एका लॅबमध्ये मी कॉन्झर्वेटर आहे. जुन्या वस्तू नव्या करायच्या नाहीत, आहेत तशा टिकवायच्या, एवढंच आमचं काम. समोर सोळाव्या शतकातला, इंग्लंडमधला चांदीचा आकडा, म्हणजे हूक, होता. अंगठ्याच्या नखाएवढी चकती, तिच्यावर फूल, कडेला मोहरीसारखे दाणे, मागे वाकवलेलं टोक. लांब झगा चिखलात लोळू नये म्हणून उचलून यात अडकवायचा. आकड्याचे आताचे मालक जेराल्ड अंकल यांच्या दिवंगत बायकोला, मार्गरेटला, तो लहानपणी तिकडच्या शेतात सापडला होता. सरकारदरबारी रीतसर नोंद होऊन तिलाच परत मिळाला. आता इथल्या एका प्रदर्शनात ठेवायचा होता.

"लख्ख कर हं," जवळच्याच हौगांगहून तो घेऊन आलेले अंकल म्हणाले होते. "मार्गरेट आयुष्यभर विचारायची, कोणाचा असेल हा?"

आधी मायक्रोस्कोप, मग बोळा, असा नियम. पुढच्या बाजूला मी तो पाळला. मागची बाजू कोण बघतं, म्हणून तिथे थेट बोळा फिरवला. दिवाळीआधी देवाची भांडी रांगोळीने घासणाऱ्या घरातली मी. काळं दिसलं की हात थांबत नाही.

अर्धं झाल्यावर सहज मायक्रोस्कोपखाली धरलं.

उरलेल्या काळ्या-हिरव्या खपलीत धागे होते. एक वर, एक खाली. धाग्याचा पीळसुद्धा दिसत होता. अशा चांदीत थोडं तांबं असतं. त्याचा गंज कापडात मुरला की ते कुजत नाही. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत झगा उचलून अडकवला होता, आणि तो अजून अडकलेलाच होता. माझ्या श्वासाने उडेल म्हणून मी तोंडावर हात धरला.

मग बोळ्याकडे लक्ष गेलं. बाकीचं कापड त्याच्यावर होतं. काळी पूड.

"बिफोरचा फोटो?" माझी बॉस मेलिंग म्हणाली.

"पुढचाच काढला."

"अय्यो. मग कोणाला कळणार? अंकलना चमक हवीय."

"मला कळलंय."

"मग फोन तूच कर."

मी लगेच केला नाही. टेबल पुसलं. चहा केला. परत टेबल पुसलं. मग केला.

अंकल आले, बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले.

"अंकल, अर्धं मी पुसलं. न बघता."

त्यांनी मान वर केली नाही. "मार्गरेट मला याला हातही लावू देत नसे. राहू दे तसाच, म्हणायची. लख्ख कर म्हणालो तो मी."

मग डोळा काढून ते माझ्याकडे वळले.

"आता काहीच पुसू नकोस," ते म्हणाले. "आणि गेलं तेही कार्डावर लिही."

प्रदर्शनात आकडा पाठमोरा ठेवलाय, भिंगाखाली. फुलाची बाजू बघायला लोकांना वाकून मागच्या आरशात बघावं लागतं. कार्डावर लिहिलंय, 'कापडाचा काही भाग सफाईत नष्ट झाला.' ते वाक्य माझं.

हल्ली टेबलावर आलेली प्रत्येक वस्तू मी आधी पालथी करते.